आणखी एक चमचा

माणसाला आयुष्यात दोनदा दात येतात, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्याचे उष्टावणही दोनदा होऊ शकते, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळले. पहिल्या वेळी मी मामांच्या मांडीवर होतो आणि भोवती कौतुक करणाऱ्या बायकांचा घोळका होता, असे आई सांगत असे. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मी एकटाच बसलो होतो, आणि कौतुक करावे असे माझ्यात काही उरलेले नव्हते. माझ्यापुढे आमच्या चिरंजीवांच्या उष्टावणातली चांदीची वाटी होती आणि तिच्यात करंगळीएवढा चमचा होता. डॉक्टरांनी लहानात लहान चमच्याने खाण्यास बजावले होते, आणि त्याहून लहान चमचा आमच्या घरात नव्हता.

आमच्या घराण्यात स्थूलपणा वडिलोपार्जित इस्टेटीसारखा चालत आला आहे. फरक एवढाच, की या इस्टेटीची वाटणी मागायला कोणी भाऊबंद येत नाही. माझ्या वाट्याला तिच्याबरोबर मधुमेह आला, कुरकुरणारे गुडघे आले आणि झोपेत श्वास अडखळू लागला. तेव्हा २०२५ च्या श्रावणात, सारे जग उपास सोडण्यात मग्न असताना, मी शस्त्रक्रिया करून घेतली. पोटाला चार-पाच बारीक छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने, जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकण्यात आला. उरली ती केळ्याच्या आकाराची एक नळी. पहिले काही दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दूध, ताक आणि डाळीचे गाळलेले पाणी, आणि तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेले अन्न, असा क्रम ठरलेला असतो. जठराची शिवण नीट भरून येईपर्यंत त्याला घुसळण्या-दळण्याचे कष्ट द्यायचे नाहीत. तेवढ्या मुदतीत त्याच्या जागी मिक्सर बदली कामगार म्हणून काम पाहतो.

अद्वैत समजून घ्यायचे असेल तर ग्रंथ चाळण्यापेक्षा पंधरा दिवस मिक्सरचे अन्न खावे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. दुधी काय, पालक काय, मुगाची डाळ काय, पनीर काय, त्या भांड्यात गेले की नामरूप संपले! आमच्या घरात पदार्थांची नावे बंद पडून रंग तेवढे उरले. "अहो, आज पिवळं देऊ की हिरवं?" असे पत्नी विचारी, आणि मी एखाद्या चित्रकाराच्या गांभीर्याने रंग निवडी. प्रथिने दिवसाकाठी ६० ग्रॅम तरी पोटात गेलीच पाहिजेत, म्हणून डाळ, दही, पनीर यांचा मान पहिला. जेवताना पाण्याचा घोट घ्यायचा नाही. तो अर्ध्या तासानंतर. पाव वाटी संपवायला मला अर्धा तास लागे. पूर्वी एवढ्या वेळात मी पाच पोळ्या, दोनदा भात आणि शेजाऱ्यांची निंदा, एवढे सगळे उरकीत असे.

सर्वांत नवल वाटले ते भुकेचे. भूक जागवणारा घ्रेलिन नावाचा एक स्राव जपानमधील संशोधकांनी १९९९ मध्ये शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतो, तोच भाग माझ्या शरीरातून गेलेला. त्यामुळे भूक अशी लागेचना. पण गणेशचतुर्थीच्या दिवशी मोदकपात्राचे झाकण निघाले, वाफेबरोबर नारळ-गुळाचा वास दरवळला, आणि पोटात काहीही नसताना माझे डोळे भरून आले. भूक गेली होती, वासना जागच्या जागी होती. इतकी वर्षे मी जिला भूक म्हणून मान देत आलो, तिच्यातली खरी भूक किती आणि ही दुसरी किती, याचा हिशेब त्या दिवशी प्रथमच माझ्यापुढे आला. तो माझ्या बाजूने नव्हता.

त्याच दिवशी मी चूक केली. मोदक नाही तर नाही, निदान वरण तरी सणाचे म्हणून खावे, अशा विचाराने मी वाटी संपल्यावर आणखी एक चमचा घेतला. एकच, आणि तोही बाळाचा! क्षणार्धात छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळावी तशी कळ आली, तोंडाला पाणी सुटले आणि कपाळावर घाम जमला. पत्नी घाबरून धावत आली. मला बोलता येईना. मी नुसता हात आडवा केला आणि मान वळवली.

मान वळवली मात्र, आणि मला अण्णा दिसले.

२००९ साली माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, गिळणेही अवघड झाले. अखेरचे चार महिने ते असेच कालवलेले, गाळलेले अन्न घेत. सकाळचे भरवणे माझ्याकडे असे, आणि पावणेदहाला मला कॉलेजात पोचायचे असे. मी एक डोळा घड्याळाकडे ठेवून चमचा भरी. मोठा चमचा, कारण त्याने वाटी लवकर संपते. ते मध्येच मान वळवीत, ओठ मिटून घेत. "अण्णा, एवढा एकच चमचा," मी म्हणे. तो कधीच एकच नसे. एके दिवशी त्यांनी बऱ्या हाताने वाटी ढकलली आणि पेज माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडली. "लहान मुलासारखं काय करता!" असे मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ज्या माणसाने मला पहिले वाक्य बोलायला शिकवले, त्याच्याजवळ उत्तराला शब्द नव्हता. त्या पाहण्याचा अर्थ मी सोळा वर्षे हट्ट असा लावीत आलो होतो.

आपल्याकडे आग्रहाला प्रेमाचे माप मानतात. पंगतीत वाढणारा पाहुण्याचे 'पुरे' ऐकत नाही, हा त्याचा सद्गुण समजला जातो, आणि मीही त्या सद्गुणावरच पोसलो आहे. मी अण्णांना आग्रह करी तो प्रेमानेच, असे मी पुष्कळदा मनाला सांगून पाहिले. पण प्रेमाला घाई नसते. माझा आग्रह त्यांच्या पोटासाठी नव्हता. तो माझ्या पावणेदहासाठी होता. समोरच्याचे 'पुरे' खरे मानायला अर्धा तास बसावे लागते, आणि तेवढा वेळ माझ्याजवळ नव्हता, किंवा तो आहे असे मला तेव्हा वाटले नाही.

पुढे पितृपक्षात अण्णांचे श्राद्ध आले. तोवर मी मऊ भातापर्यंत प्रगती केली होती. पान वाढायला मी स्वतः बसलो. खीर वाढली, भाजी वाढली. वरणभातावर तूप घातले आणि सवयीने हात पुन्हा भांड्याकडे गेला, आणखी एक चमचा वाढण्यासाठी.

मी हात मागे घेतला आणि पानासमोर स्वस्थ बसून राहिलो. त्या दिवशी मला कोठे जायचे नव्हते.