कळसूबाईच्या शिड्या आणि मनगटावरचे घड्याळ

गेल्या जुलैतल्या एका रविवारी रात्री दहापर्यंत आम्ही उभयता दाराकडे डोळे लावून बसलो होतो. आमची थोरली कन्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ती लॅबमधल्या चार मैत्रिणींबरोबर कळसूबाईला गेली होती. सात वाजेपर्यंत बारी गावात उतरतो, म्हणून सांगून गेलेली. सात वाजले, आठ वाजले, फोन लागेना. शेवटी दहाला तिचाच फोन आला : "बाबा, उतरलो. एकीचा पाय मुरगळलाय, बाकी ठीक."

झाले होते असे. पावसाळ्यातला रविवार, शिड्यांवर माणसांची रांग. पावसाने भिजू नयेत म्हणून पाचही जणींनी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवलेले. धुक्यात सूर्याचाही पत्ता नाही. शिखरावर पोचल्या तेव्हा दुपारचे साडेतीन होऊन गेले होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते! उतरताना अर्ध्यातच अंधार पडला.

मुलीच्या आईने दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. "पाचजणींत मिळून एकीच्याही मनगटावर घड्याळ नाही आणि निघाल्या डोंगर चढायला. घड्याळ येईपर्यंत डोंगर बंद."

वाचकहो, घड्याळ घेणे ही काय मोठी गोष्ट, असे आम्हालाही वाटले. पण दुकानात गेलो आणि चक्रावलो. उंची सांगणारे, हवेचा दाब सांगणारे, दिशा दाखवणारे, नाडी मोजणारे, उपग्रहावरून वाट शोधणारे. किमतीही तशाच चढत्या. उपग्रहवाल्याची किंमत कन्येच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. दुकानदार म्हणाला, "साहेब, ट्रेकिंगला हेच लागतं." आम्ही पडलो कॉमर्सचे. माल वापरून पाहिल्याशिवाय खर्ची टाकायचा नाही, असे ठरवून रिकाम्या हाताने घरी आलो आणि घड्याळे उसनी मागायला लागलो.

तीन जमली. आमच्या वडिलांचे चावीचे एच.एम.टी., जे रोज सकाळी पिळावे लागते. शेजारच्या मुलाचे कॅसिओ, त्यात उंची, दाब, तापमान आणि होकायंत्र. तिसरे भाच्याचे, उपग्रहाचे. मुलीच्या आईची समजूत घालून, मी सोबत येतो या अटीवर, डिसेंबरात पुन्हा कळसूबाईलाच निघालो. तीन घड्याळे, मनगटे दोघांची.

कल्याणहून गाडी कसाऱ्याला आली. इथे घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात. गाडी बोगद्यांतून वर सरकू लागली तसा कॅसिओतला उंचीचा आकडा चढू लागला. कन्या तो मोठ्याने वाचू लागली आणि डब्यातली दोन पोरे आमच्या बाकावर येऊन बसली. इगतपुरी साधारण 600 मीटरवर आहे. तिथे उतरल्यावर एक फुकटची सोय ध्यानात आली. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आजवर हजार वेळा ती पाटी पाहिली, कामाला कधी आली नव्हती. घड्याळातला आकडा त्या पाटीप्रमाणे जुळवला. असे जुळवावेच लागते, कारण हे घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशेब करते. समुद्रकाठी दाब 1013 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. वर जाल तसा साधारण दर आठ-नऊ मीटरला एकने उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर तो 830 च्या घरात येतो.

घोटीवरून जीपने बारी गाठले. हे गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. रात्री एका घराच्या पडवीत पथाऱ्या टाकल्या. भाकरी, पिठले, ठेचा. थंडी अशी की हात चुलीकडेच वळत. रात्री दहाला घड्याळ पाहिले, पहाटे चारला पुन्हा पाहिले, तर पडवी पंधरा मीटर वर गेलेली! कन्या हसायला लागली. प्रकार असा की आपल्याकडच्या हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. त्यामुळे दुपारी दाब थोडा उतरला म्हणून वादळाच्या भीतीने पळत सुटू नये. दोन-तीन तासांत नेहमीहून बराच जास्त उतरला, तर मात्र खाली चालू लागावे.

साडेसहाला चढायला लागलो. आधी शेते, मग झाडी, मग उघडा कातळ. वर पोचायला साधारण तीन-चार तास लागतात; आमच्या गुडघ्यांनी पाच घेतले. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. त्यांच्या कठड्याला हात लावला की पहाटेचा गारठा हाडात जातो. शिडीवर दोन्ही हात गुंतलेले असतात, खिशातला फोन निघत नाही. मनगट तेवढे डोळ्यांसमोर येते. जुलैत काय झाले असेल ते आम्हाला त्या पहिल्या शिडीवर समजले. तिथेच कन्येने होकायंत्राचे बटण दाबले, तर उत्तर दिशा भलतीकडेच. लोखंडाशेजारी होकायंत्र चळते, मग ते घड्याळातले असो की हातातले. शिडीपासून दूर गेल्यावर ते शहाण्यासारखे वागू लागले.

साडेअकराला माथा. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. देवीचे छोटे देऊळ आणि भणाणता वारा. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग. दुसरीकडे भंडारदऱ्याचे पाणी. कॅसिओने 1580 दाखवले, उपग्रहाच्या घड्याळाने 1651. कॅसिओ खोटे नव्हते. आदल्या संध्याकाळपेक्षा दाब चढलेला होता, आणि आपली हवा त्याच्या हिशेबात धरलेल्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे उंची कमी भरते. ठाऊक असलेल्या प्रत्येक जागी आकडा पुन्हा जुळवत गेलो असतो तर फरक थोडाच राहिला असता. तापमान मात्र 29 अंश! तो आमच्या मनगटाचा ताप. हवेचे तापमान हवे तर घड्याळ काढून वीस-तीस मिनिटे सावलीत ठेवावे लागते.

मग वडिलांचे एच.एम.टी. पुढे आले. तासकाटा सूर्याकडे धरायचा. तो आणि बाराचा आकडा यांच्या मधोमध दक्षिण. आपली घड्याळे प्रयागराज म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखांशाची वेळ दाखवतात, सूर्य आपल्याकडे अर्ध्या तासाहून जरा जास्त उशिरा येतो. म्हणून काटा अर्धा तास मागे आहे असे मनात धरायचे. होकायंत्राशी पडताळले, जवळपास जुळले. पण ही युक्ती हिवाळ्याची. मे ते जुलैत दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर किंवा थोडा उत्तरेलाच असतो, तेव्हा ती फसवते.

उपग्रहाच्या घड्याळाने चाललेली वाट नीट आखून दिली, हे कबूल. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चार्जिंग मागू लागले.

खाली आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. शेजाऱ्याचे कॅसिओ कन्येने आठवडाभर लॅबमध्ये वापरले. डोंगरावर ते शोभले होते. लॅबमध्ये ते जाड पडले, हातमोजा त्यावर अडकून दोनदा फाटला. तिसऱ्या दिवसापासून ते टेबलाच्या खणात राहू लागले. खणात राहणारे घड्याळ एखाद्या रविवारी खणातच राहून जाणार, हे मुलीच्या आईने लगेच ओळखले.

पाण्याचेही पाहिले. "30 मीटर" लिहिलेले घड्याळ 30 मीटर खोल न्यावे असा त्याचा अर्थ नाही. ते हात धुण्यापुरते, थोड्या शिंतोड्यांपुरते. पावसात, ओढ्यात जायचे तर 100 मीटरचे घ्यावे आणि ओल्यात बटणे दाबू नयेत. सेल बदलताना आतली रबरी कडी तपासून घ्यावी, गरज पडल्यास नवी बसवून घ्यावी. आम्ही एकदा घाईघाईत रस्त्यावर सेल बदलून घेतला आणि पहिल्याच पावसात काचेच्या आत धुके साचले. असो.

शेवटी घेतले ते साधे, चपटे, आकड्यांचे घड्याळ. पाणी 100 मीटर, दिवा, चार-पाच गजर, थांबघड्याळ. सेल काही वर्षे पुरणारा. उंची नाही, होकायंत्र नाही. होकायंत्र वेगळे घेतले, ते सॅकमध्ये राहते. उंची आणि दाबाचे घड्याळ पाचजणींत एक असले तरी पुरते, आणि शेजारचा मुलगा ते हौसेने देतो. वेळ मात्र प्रत्येकीच्या मनगटावर हवी, अशी अट मुलीच्या आईने बाकी चौघींच्या घरीही कळवली. वाचलेल्या पैशांत बऱ्यापैकी तळव्याचे बूट आले.

फेब्रुवारीत पाचहीजणी हरिश्चंद्रगडाला जाऊन आल्या. जिथे असू तिथून परत फिरायचा गजर दुपारी दीडचा लावला होता. तो अजून बंद केलेला नाही. रोज दीडला लॅबमध्ये वाजतो, तेव्हा ती डबा उघडते.