चुलीवर न चढणारे पान

पालेभाजीची जुडी आपण निर्धास्तपणे विकत घेतो, ती विस्तवाच्या भरवशावर. उल्हासनगरच्या सिंधी घरांतली साईभाजी असो की अंबरनाथ-बदलापूरकडचे शेपू-माठ, भाजी चुलीवर चढते आणि पानाबरोबर आलेले जंतू उकळीत मरतात. लेट्यूसच्या नशिबी ही उकळी नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की खिडकीत चारच कुंड्या मावत असतील तर त्या शिजवायच्या भाजीवर खर्चू नयेत. कच्च्या खायच्या पानाला द्याव्यात.

या पट्ट्यात तर हे अधिकच खरे. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून कल्याणकडे जाते, ती कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेऊन. लोकलमधून जाताना रुळांकडेला पालक-माठाचे हिरवेगार वाफे दिसत आले आहेत. कुठल्या वाफ्याने कुठले पाणी प्यायले, हे जुडी सांगत नाही. पान धुतले की जंतू कमी होतात, संपत नाहीत. आत मुरलेले जड धातू तर धुऊनही जात नाहीत आणि शिजवूनही नाहीत. तिथे विस्तवाचाही इलाज चालत नाही. यावर कुणी विचारेल, कुंडीतली माती तरी कुठे सोवळी? प्रश्न रास्त आहे. नाल्याकाठची माती भरली किंवा ताजे शेण घातले, तर घरचे पान बाजारच्या पानाहून वेगळे राहत नाही. खात्रीची माती, पुरते कुजलेले खत आणि पिण्याचे पाणी या तीन अटी पाळल्या, तरच कुंडीला अर्थ आहे.

दुसरा आक्षेप हवेचा. बदलापूरचा उन्हाळा चाळिशी गाठतो, तिथे थंड हवेचे लेट्यूस कसे यायचे? बारमाही येणार नाहीच. पण नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी इथल्या रात्री मुंबईपेक्षा गार असतात, आणि तेवढे महिने पुरतात. तापमान तिशीच्या वर गेले की लेट्यूसचे बी झोपी जाते. ओल्या फडक्यात दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवले की जागे होते. बी खोल पुरू नये, कारण त्याच्या अनेक वाणांना उगवायला उजेड लागतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे 1952 साली तांबड्या उजेडाचा हा परिणाम लेट्यूसच्याच बियांवर अभ्यासला गेला. गड्ड्याचे वाण टाळून सुट्या पानांचे घ्यावे. वीतभर खोल कुंडी आणि सकाळचे चार तास ऊन त्याला चालते. बाहेरची पाने खुडून मधला कोंब राखला, तर एकच रोप अनेकदा पाने देते. उन्हे तापली की दांडा सुटतो, चीक दाटतो, पान कडू होते. मग रोप उपटावे, हळहळू नये.

उरला शेवटचा टोमणा: हे परदेशी चोचले कशाला? पण मेथीची पचडी, शेंगदाण्याचे कूट घातलेला घोळाणा, भाकरीबरोबरचा मुळ्याचा कोवळा पाला, ही सगळी कच्चीच पाने आहेत. लेट्यूस नको असेल तर त्याच कुंडीत मेथी पेरा. युक्तिवाद बदलत नाही. एवढ्याशा कुंडीने घराची भाजी भागणार नाही हे खरे, पण पचडीला लागते ती मूठभर. भाजीची जुडी बाजारातून आणावी. पचडीचे पान मात्र आपण पाणी घातलेले असावे.