सूटबूट आणि खडखडाट

चौघेही काळ्या सुटात. टाय, चापून बसवलेले केस, आणि चेहरे असे की मुलगी बघायला आलेत आणि पोहे अजून आलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या ‘इंटरपोल’ बँडचा हा फोटो नजरेसमोरून हलेना. रॉकवाले आणि कडक इस्त्री!

त्यांचा पहिला अल्बम ‘टर्न ऑन द ब्राइट लाइट्स’ ऑगस्ट २००२ चा. अकरा गाणी. मी ती विट्यात ऐकतो, आणि विट्यात काहीही ऐकायचं तर यंत्रमागांच्या आवाजातून वाट काढावी लागते. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं माग, धोटा इकडून तिकडं आदळतोय, हवेत कापसाची पिंज. नवख्याला तो निव्वळ कलकलाट. पण चार माग सांभाळणारा माणूस पाठमोरा चहा पीत असतो आणि कप ठेवून थेट तिसऱ्या मागाशी जातो. कांडी संपत आली, पट्टा सैल झाला, प्रत्येकाचा आवाज त्याला निराळा. ताण्याचा धागा तुटला तर साधा माग थांबतही नाही. कापडात बारीक फट पाडत खुशाल पुढं विणत राहतो. ती फट वेळेत दिसली नाही तर मजुरी कापली जाते. शेडमध्ये ही माणसं ओठ बघून बोलतात, आणि बाहेर आली की इतकं मोठ्यानं, की पाहुण्यांना वाटावं भांडण जुंपलं.

कार्लोस डेंगलरचा बेस आणि सॅम फोगारिनोचे ड्रम असेच, न दमता चालणारे. डॅनियल केसलरची गिटार त्यात आडवा धागा भरते. समीक्षकांनी लगेच ‘जॉय डिव्हिजन’ची नक्कल म्हणून नाकं मुरडली. त्या बँडचा गायक इयन कर्टिस आणि ड्रमर स्टीफन मॉरिस मॅकल्सफील्डचे, म्हणजे रेशमी मागांच्या गावचे. असो. मला नकलेचा आरोप पोरकट वाटतो. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्याच जिल्ह्यात, मिरजेत राहिले. शिष्याच्या गळ्यात गुरू ऐकू आला की आपण त्याला घराणं म्हणतो आणि मान डोलावतो. मग ह्यांनीच काय घोडं मारलंय?

‘इंटरपोल’चाच २००४ चा अल्बम ‘अँटिक्स’ मात्र मला जरा जास्तच धुतल्यासारखा वाटतो.

आमच्याकडची ऐट बघायची तर दसऱ्याला. सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेले गलाईवाले पालख्यांच्या शर्यतीसाठी गावी येतात. पांढराफेक सदरा, गळ्यात जाड साखळी. केरळातनं आलेल्या मावसभावाच्या कानाला मी हेडफोन लावले. तो दोन गाणी ऐकून म्हणाला, “वाजीवत्यात झ्याक. पर हे गाणारं घसा बसल्यागत का गातंय, रं?” पॉल बँक्सची बाजू मांडायला मी तोंड उघडलं, तोवर त्याचं सुरू झालेलं: यंदा विट्याची पालखी पुढं जाणार की मूळस्थानची.