उरलेली एक बाजू

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटवरच्या एका बोळात शिरलं, की जॉर्ज इन समोर येतं. १६७६च्या आगीत जुनी सराई जळाली. पुढच्याच वर्षी ही लाकडी सज्ज्यांची सराई उभी राहिली. अंगणात घोडागाड्या थांबत, उतारू जिन्याने वर जात; खोल्यांची दारं सज्ज्यातच उघडत. इमारत अंगणाच्या तीन बाजूंना होती. आगगाडी आली, घोडागाड्या संपल्या आणि १८८९मध्ये रेल्वे कंपनीने दोन बाजू पाडल्या. दक्षिणेची तेवढी उरली. १९३७पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे.

अंगणातल्या बाकावर बसून मी ते जुने कठडे पाहत होतो. पुण्यातल्या आमच्या वाड्यालाही असाच चौक होता, वर सागवानी सज्जा. वाडा पाडायच्या कागदांवर शेवटची सही माझी. तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "एक बाजू नसती का रे ठेवता आली?"

तिला व्यवहार कळत नाही, असं म्हणून मी हसलो होतो.

इथे रेल्वे कंपनीने तरी एक ठेवली.