ढोली

धनेशाला स्वतःचं घर कोरता येत नाही. एवढी थोरली चोच असूनही सुतारपक्ष्यासारखं लाकूड पोखरणं त्याला जमत नाही. त्याला आयती ढोली लागते, आणि अशी ढोली धडधाकट झाडात सहसा नसते. त्यासाठी कधीतरी वाऱ्यात फांदी मोडलेली असावी लागते, तिथे पाणी मुरून, बुरशी लागून आतला गाभा वर्षानुवर्षं कुजलेला असावा लागतो. लाकूड तोडणाऱ्याच्या लेखी असं झाड निकामी. कोकणातल्या देवरायांत मात्र कामाचं कोण आणि निकामी कोण हे ठरवायची मुभाच कुणाला नव्हती, म्हणून तिथे पोकळ बेहडे आणि आंबे उभे राहिले आणि त्यांच्या आसऱ्याने ककणेर, म्हणजे महाधनेश, टिकला.

गाभा गेला तरी झाड जगतं, कारण त्याचा जीव सालीलगत असतो. अमेरिकी वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. बिघडलेल्या भागाभोवती झाड आतून बांध घालतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवत राहतं. जखम आत तशीच असते.

हे वाचलं तेव्हा मला माझा नवरा आठवला. तो शाळेत असताना त्याची आई आजारात गेली. अजूनही घरात कुणाला साधा ताप आला तरी तो मिटतो. डॉक्टरकडे नेतो, पेज करतो, रात्रभर उशाशी बसतो. फक्त बोलत नाही. प्रेमाने अशी जागा भरून निघते, असं लग्नाच्या वेळी सगळेच सांगतात. ती भरली नाही. भरणार नाही, हे आता मला स्वच्छ दिसतं, आणि त्याचं दुःख होत नाही. कपाळावरची पट्टी सुकायच्या आत बदलणारा हा हात त्याच पोकळीतून आलेला आहे. एखाद्या सुखरूप बालपणातून आलेल्या माणसाशी मी कदाचित जास्त गप्पा मारल्या असत्या. पण एवढी निर्धास्त झोपले असते का, कोण जाणे.

धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट उरते. आत तिची उडायची पिसं झडतात. नर वडाची, उंबराची फळं घशातून एकेक काढून फटीतून भरवतो. झाडाच्या दुखऱ्या जागेत, पंख गमावून, ती इतकी विश्वासाने बसते.

पण ढोली आहे तशी कायम राहत नाही. कुजणं चालूच असतं, तळ खचत जातो. मादी फटीपर्यंत पोचेनाशी झाली की ती जागा सोडावी लागते. थायलंडमध्ये खाओ याईच्या जंगलात पिलाई पूनस्वाद यांनी १९७८ साली धनेशांचा अभ्यास सुरू केला. त्यांची माणसं उंच झाडांवर चढून खचलेले तळ माती घालून वर आणतात. दुरुस्त केलेल्या ढोल्यांत जोड्या पुन्हा येतात.

हात उगारणाऱ्या, रोज पाणउतारा करणाऱ्या माणसाबद्दल ‘त्याचा स्वभावच तसा, सांभाळून घे’ असं आपल्याकडे बायकांना सांगतात. त्याला मी स्वीकार म्हणणार नाही. तळ गेलेली ढोली धनेशही सोडतो.

आमच्या घरात मातीची पाटी दोघांनी उचलायची असते. तो मिटला की मी ‘बोल ना’ म्हणत नाही, नुसती शेजारी बसते. त्यानेही एक वाक्य तरी बोलायचं, एवढं कबूल केलं आहे. अलीकडे ताप उतरला की मी विचारायच्या आधीच तो सांगतो, ‘या वेळी फार घाबरलो होतो गं.’