टेमघर ते अंधेरी : मोजदाद करणाऱ्यांच्या मेळाव्याला

भिवंडीतून कल्याणच्या रस्त्याला लागले की टेमघर येते. बाहेरच्या ज्यांनी हे नाव ऐकले असेल, त्यांनी ते बहुधा पाण्याच्या निमित्ताने ऐकले असेल. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलायचे, टेमघरच्या केंद्रात शुद्ध करायचे आणि तिथून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे सोडायचे, अशी व्यवस्था आहे. शहाड आणि टेमघर मिळून तिचे नाव ‘स्टेम’ झाले. (मुठा नदीवरचे टेमघर धरण वेगळे. पुण्याचे पाहुणे दर वेळी विचारतात म्हणून सांगून ठेवतो.) बाकी इथे यंत्रमाग, मागांना लागून घरे आणि घरांना लागून पुन्हा माग. कारागिराची मजुरी मीटरवर ठरते, म्हणून इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी मीटर कळतो, असे आमचे दुल्हेभाई म्हणतात. त्यांनी तीस वर्षे मुकादमी केली आहे.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, हीसुद्धा मोजण्याचेच काम करते. ती कापड मोजत नाही, वेबसाइटवर आलेली माणसे मोजते. या कामाला वेब अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. नाव जड आहे, काम समजायला अवघड नाही. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला जुना माणूस गिऱ्हाइकाकडे पाहूनच ओळखतो, हा घेणार आहे की नुसता हात लावून जाणार आहे. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक दिसत नाही. ते कोणत्या जाहिरातीवरून आले, कोणते पान उघडले, टोपलीत माल घातल्यावर पैसे देण्याच्या पायरीवरून का परतले, याची नोंद यंत्र ठेवते. त्या नोंदी वाचून दुकानदाराला त्यांचा अर्थ सांगणारा तो अ‍ॅनालिस्ट. टोपलीत माल घालणाऱ्या दहा जणांपैकी सुमारे सात जण न घेताच जातात, असा जगभरच्या पाहण्यांचा सरासरी आकडा आहे. त्या सातांतला एक जरी वळवता आला, तरी दुकानदार खूश.

ही विद्या शिकायला पैसे लागत नाहीत. गुगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गुगल अ‍ॅनालिटिक्स सर्वांना फुकट दिले. झुंबड इतकी उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. या विषयावर पुस्तकेही आहेत. मूळच्या भारतीय असलेल्या अविनाश कौशिक यांचे पहिले पुस्तक २००७ मध्ये आले. त्यांनी आपल्या दोन्ही पुस्तकांची कमाई दानधर्माला दिली, ही गोष्ट भाचीने आम्हाला मुद्दाम सांगितली. बी.कॉम. झाल्यावर ती घरीच, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मागांच्या आवाजात कानाला यंत्र लावून हे सगळे शिकली.

शिकणे फुकट झाले, तरी काम मात्र ओळखीने मिळते. सहा महिन्यांचे तिचे कंत्राट रमजानच्या आधी संपले. त्यानंतर तिने किती अर्ज पाठवले ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. एका मैत्रिणीने तिला सांगितले की जागा रिकामी झाली की तिची बातमी जाहिरातीच्या आधी मेळाव्यात फिरते, तू एकदा येऊन तर बघ. अशा तीन मेळाव्यांना तिचे जाणे झाले नव्हते. दर वेळी कारण एकच होते, ठिकाण अंधेरी किंवा गोरेगाव आणि परतायला रात्र.

या लोकांचे मेळावे नवे नाहीत. जिम स्टर्न या अमेरिकन गृहस्थाने २००२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे ‘ई-मेट्रिक्स’ नावाची परिषद भरवली. तेव्हा हा धंदा करणारे इतके थोडे होते की एकमेकांना शोधणे हेच मोठे काम होते. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांची संघटनाही उभी राहिली. पण परदेशातल्या अशा मोठ्या परिषदांचे तिकीट हजार डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे तिथे कंपनीने पाठवलेली माणसेच येतात. म्हणून दुसरी एक रीत निघाली. २०१२ साली लंडनमध्ये ‘मेझरकॅम्प’ सुरू झाला. शनिवारचा दिवस, तिकीट फुकट, आणि वक्ते आधी ठरलेले नाहीत. सकाळी भिंतीवर एक रिकामा तक्ता असतो. ज्याला काही सांगायचे आहे त्याने चिठ्ठीवर विषय लिहून तक्त्यावर चिकटवायचा. ऐकणाऱ्याला विषय उपयोगाचा वाटला नाही तर त्याने उठून दुसऱ्या खोलीत जायचे, त्यात बेअदबी मानत नाहीत. हीच रीत पुढे बऱ्याच देशांत गेली. आम्ही अंधेरीला ज्या मेळाव्याला गेलो तो याच धर्तीचा होता.

जायचे कसे, हा प्रश्न टेमघरमध्ये नेहमीचाच. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात टेमघर नावाचे स्थानक आहे, आणि ते झाले की काय काय होईल याची चर्चा चहाच्या टपरीवर कायम चालते. तोवर शेअर रिक्षा. आम्ही दोघे, मामू आणि मामी, आणि भाची असे तिघे सकाळी साडेसहाला निघालो. रांजनोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडायला त्या वेळीही कंटेनरांची रांग थांबलेली होती. मग कोन, मग दुर्गाडीचा पूल. पुलावर खाडीचा वारा लागला की कल्याण आले असे समजायचे. तिथून फास्ट लोकलने घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी. पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. तीन तास जायला, तीन यायला. मेळावा होता सात तासांचा.

एका कंपनीच्या कार्यालयात साठेक माणसे जमली होती, बहुतेक तिशीच्या आतली. दारात छातीवर नाव चिकटवतात. आम्हालाही चिकटवले. आम्ही म्हटले, आम्ही सोबतीला आलो आहोत, तर दारावरची मुलगी म्हणाली, “मग चहा घ्या आणि बसा, इथे कोणी परके नाही.” तक्त्यापाशी गर्दी होती. एकाचा विषय होता जुने गुगल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद पडल्यावर नव्याशी जुळवून कसे घ्यायचे. दुसऱ्याचा विषय, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाची परवानगी कशी घ्यायची. त्या खोलीत मामींनी भाचीला हळूच विचारले, “म्हणजे मी फोनवर काय काय बघते ते तुला दिसते की काय?” भाची म्हणाली, “मामी, एक बाई आली आणि चार पाने बघून गेली एवढेच दिसते. नाव दिसत नाही, आणि आम्ही ते त्यात घालायचे नाही असा नियमच आहे.” मामींचे पूर्ण समाधान झाले नाही. आमचेही झालेले नाही. कारण नाव नसले तरी चार पाने कोणती ते कळतेच.

एका वक्त्याने ‘हिप्पो’चा किस्सा सांगितला. जास्तीत जास्त पगारवाल्याचे मत, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हा पाणघोडा तयार झाला आहे. आकडे काहीही सांगोत, शेवटी साहेबाच्या मनात येईल तेच होते. भिवंडीत याला वेगळा शब्द लागत नाही, सेठ म्हटले की पुरते.

अकराच्या सुमारास भाचीने चिठ्ठी चिकटवली. तिने ती घरूनच लिहून आणली होती, हे आम्हाला तिथे कळले. विषय होता : ‘विक्री झाली, पण माल परत आला.’ तिचा भाऊ भिवंडीजवळच्या एका गोदामात परत आलेल्या मालाच्या विभागात काम करतो. त्या विभागाच्या भाषेत अशा पार्सलाला ‘आरटीओ’ म्हणतात. गाडीचे लायसन्स देणारे आरटीओ हे नव्हे. गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवलेले किंवा पत्ताच न सापडलेले पार्सल जिथून निघाले तिथे परत येते, ते हे. पैसे माल हातात आल्यावर द्यायचे असतील तर दारातून परत पाठवायला काही लागत नाही. पण वेबसाइटवर ‘धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली’ हे पान उघडले की यंत्र विक्री झाली असे लिहून मोकळे होते. माल आठवड्याने परत आला, तरी ती नोंद कोणी मुद्दाम वजा केली नाही तर तशीच राहते. मग ज्या जाहिरातीने सर्वांत जास्त परतीचा माल आणला, तीच कागदावर सर्वांत यशस्वी दिसते आणि दुकानदार तिच्यावरच आणखी पैसे घालतो.

खोलीत अकरा माणसे होती. भाचीचा आवाज पहिली दोन मिनिटे कापत होता. मग तिने भावाने सांगितलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. कोणत्या प्रकारचा माल जास्त परत येतो, पत्त्यात मशिदीची किंवा मंदिराची खूण लिहिलेली असली की पोहोचवणाऱ्याला घर कसे लवकर सापडते, एकाच घरातून तीन मापांचे कुडते मागवून दोन कसे परत येतात. समोरचे लोक लिहून घेऊ लागले. त्यांच्यातल्या एकाने विचारले, “तुम्ही गोदामात कधी गेला आहात?” ती म्हणाली, “आमच्या घरातून दिसते.” हे जरा वाढवून सांगितले होते, पण फार नाही.

जुहरच्या वेळी एक छोटी बैठकीची खोली आयोजकांनी न मागता उघडून दिली. तिथे मुंब्र्याचा एक आणि मूळचा मालेगावचा एक असे दोन मुलगे भेटले. दोघेही याच धंद्यातले आणि दोघांनाही भिवंडीत असे काम करणारे कोणी आहे हे माहीत नव्हते. भाचीलाही ते माहीत नव्हते.

संध्याकाळी सहाला ‘नेटवर्किंग’ होते, जवळच्या एका हॉटेलात, जिथे बारही आहे. या धंद्यात ही जुनी चाल आहे. अमेरिकेत बुधवारी संध्याकाळी या लोकांच्या अशाच बैठकी भरत. आमचा तिथे बसण्याचा प्रश्न नव्हता आणि लोकलचे वेळापत्रकही होते. पण एक गोष्ट नमूद करायला हवी. खरी बोलणी तिथे होतात असे म्हणणारे अर्धेच खरे सांगतात. भाचीला ज्या बाईंनी काम दिले, त्या तिला सकाळच्या चहाच्या रांगेत भेटल्या होत्या. पुण्याच्या. त्यांनाही सातची गाडी पकडायची होती. त्या म्हणाल्या, “तुमची परतीच्या मालाची वही आमच्या दुकानासाठी करून द्याल का? दोन महिने बघू.” मेळावे भरवणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की ओळखीची वेळ दिवसाउजेडी ठेवा. दूर राहणारे, लहान मुले असलेल्या आया, न पिणारे, असे किती जण सहा वाजता गुपचूप निघून जातात, त्याची मोजदाद या मोजणाऱ्यांनी केलेली दिसत नाही.

घरी आलो तेव्हा दहा वाजायला आले होते. आपा जागीच होती. मुलीने अशा ठिकाणी जावे की नाही यावर आपल्या घरांत जे बोलले जाते ते आपाच्याही मनात होते, पण तिने विचारले ते वेगळेच : पुढच्या वेळी तुम्ही दोघे मोकळे नसाल तर? याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. दुल्हेभाई म्हणाले, “तिने तिथे का जायचे? त्यांनी इथे का येऊ नये?”

आम्हाला ही आधी थट्टा वाटली. मग विचार केला. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनाभोवती ‘वर्डकॅम्प’ नावाचे मेळावे भरतात. पहिला २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाला, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्याबरोबर नाशिक, नागपूर, कोल्हापुरातही असे मेळावे झाले आहेत. नाशिकला होते तर भिवंडीला का नाही? अ‍ॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात दुकान मांडले, तेव्हा त्याचे पहिले गोदाम भिवंडीतच होते. मुंबईला खेटून, पण तिच्या जकातीबाहेर, म्हणून गोदामे इथे आली. जकात गेली तरी गोदामे राहिली. मुंबईत कोणी रात्री फोनवर बोट ठेवते, तेव्हा त्याचा माल पुष्कळदा आमच्या आसपासच्या एखाद्या शेडमधून निघतो. बोट ठेवल्यावर पुढे काय होते ते बघायचे असेल, तर अंधेरीच्या काचेच्या खोलीपेक्षा इथे जास्त दिसेल.

आता मुंब्र्याचा मुलगा, मालेगावचा मुलगा आणि भाची यांचे ठरले आहे. रविवार, सकाळी दहा ते असरपर्यंत. तक्ता म्हणून दुल्हेभाईंनी ताग्याचे कोरे कापड द्यायचे कबूल केले आहे, त्यावर चिठ्ठ्या टाचणीने लावायच्या. पुण्याच्या बाईंनी येते म्हटले आहे. गोदामात काम करणाऱ्या पाच-सहा जणांना बोलवायचे आहे, पण त्यांना रविवारी सुट्टी मिळेल की नाही ते नक्की नाही, आणि ते आले नाहीत तर या सगळ्याला अर्थ नाही, असे भाचीचे म्हणणे आहे. मुलींसाठी कल्याण स्टेशनपर्यंत दोन रिक्षा दिवसभरासाठी सांगून ठेवायच्या आहेत. तो खर्च कोणी करायचा यावर अजून एकमत झालेले नाही.

हॉल बघायला आम्ही भाचीबरोबर गेलो. भाडे परवडणारे, पंखे चांगले, जनरेटरचे पैसे वेगळे. मुन्शींनी नोंदवही उघडली आणि कार्यक्रम कसला ते विचारले. भाचीने समजावून सांगितले, साधारण याच लेखाइतक्या लांबीने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि वहीतले रकाने दाखवले : निकाह, वलीमा, अकीका, मुशायरा, जलसा. थोडा विचार करून त्यांनी स्वतःच ‘जलसा’पुढे खूण केली आणि विचारले, “खुर्च्या किती?”

“साठ,” भाची म्हणाली. मग जरा थांबून, “नाही, चाळीसच लिहा.”