नगरचा भुईकोट

एका हिवाळ्यात मी शाळेतील मुलांना घेऊन श्रीरामपूरहून नगरचा किल्ला पाहण्यास गेलो. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. डोंगरी किल्ल्यांना उंच कड्यांचे संरक्षण असते. सपाटीवरील या भुईकोटाला मात्र भक्कम तट आणि रुंद खंदक यांचाच आधार! खंदक ओलांडून आत शिरताच मुलांचा गलबला आपोआप थांबला.

१५९५ च्या अखेरीस मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा चांदबिबी स्वतः तेथे उभी राहिली आणि रातोरात तिने ते बुजवून घेतले. ही हकीकत ऐकताना मुले तटाचे दगड हातांनी चाचपून पाहत होती.

१८०३ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. १९४२ च्या ऑगस्टपासून त्यांनी पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृती नेत्यांना येथे बंदिवासात ठेवले. शत्रूला बाहेर थोपविण्यासाठी बांधलेला तट देशभक्तांना आत कोंडण्याच्या कामी आला. परंतु नेहरूंनी तेथे बाग फुलविली आणि १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ पाच महिन्यांत लिहिला.

“गुरुजी, कैदेत त्यांना लिहिणे सुचले तरी कसे?” एका मुलाने विचारले.

मी म्हणालो, “बाळ, दाराची किल्ली पहारेकऱ्याकडे होती, पण दिवस कसा घालवावा, हे त्यांच्याच हाती होते. चांदबिबीला एक रात्र मिळाली, नेहरूंना पाच महिने. दोघांनीही त्या वेळेचे चीज केले.”